अभ्रकाचा पापुद्रा ते फोनची स्क्रीन : फ्रांस्वा आरागोची गोष्ट

पोलराइज्ड गॉगल घालून फोन हळूहळू गोल फिरवून बघा. बऱ्याच फोनची स्क्रीन एका ठरावीक कोनात काळी पडते. फोन बिघडलेला नसतो. स्क्रीनमधून येणारा प्रकाश एकाच दिशेत कंप पावत असतो आणि गॉगल नेमकी तीच दिशा अडवतो. अशा प्रकाशाचं सगळ्यात रंगीत रूप दोनशेहून जास्त वर्षांपूर्वी एका फ्रेंच माणसाने अभ्रकाच्या पापुद्र्यात पाहिलं. त्याचं नाव फ्रांस्वा आरागो. रोज स्क्रीनसाठी कोड लिहिणाऱ्या मला हा माणूस फार जवळचा वाटतो. का, ते पुढे येईलच.

आरागोचा जन्म २६ फेब्रुवारी १७८६ चा, दक्षिण फ्रान्समधल्या एस्ताजेल गावचा. तो पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये शिकला आणि विशीच्या आतच पॅरिसच्या वेधशाळेत कामाला लागला. १८०६ मध्ये ज्यां-बाप्तिस्त बियो या शास्त्रज्ञासोबत त्याला स्पेनला पाठवलं गेलं. काम होतं पृथ्वीच्या रेखावृत्ताचं मोजमाप पूर्ण करायचं. डोंगरमाथ्यावर दिवे आणि जाळ पेटवून दुरून कोन मोजायचे, अशी पद्धत होती.

१८०८ मध्ये नेपोलियनचं सैन्य स्पेनमध्ये घुसलं. मायोर्का बेटावर डोंगरात जाळ पेटवणारा फ्रेंच माणूस लोकांना हेर वाटला. आरागो तुरुंगात गेला, तिथून निसटून छोट्या बोटीने अल्जियर्सला पोहोचला. फ्रान्सकडे निघाला तर जहाज स्पॅनिश लोकांनी पकडलं, पुन्हा तुरुंग. सुटका झाली तर वाऱ्याने जहाज परत आफ्रिकेच्या किनाऱ्याला लावलं. अखेर जुलै १८०९ मध्ये तो मार्सेला उतरला, तेव्हा मोजमापाचे कागद त्याच्याजवळ शाबूत होते. त्याच वर्षी, वयाच्या २३ व्या वर्षी, तो फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचा सदस्य झाला.

तोवर पॅरिसमध्ये एक नवीन गोष्ट गाजत होती. १८०८ मध्ये एतिएन मालुसने राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेलं ऊन कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहिलं होतं. या स्फटिकातून एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. मालुसने स्फटिक फिरवला तेव्हा त्या आळीपाळीने मंद झाल्या. म्हणजे परावर्तित प्रकाशाला ‘दिशा’ होती. यालाच आपण पोलरायझेशन म्हणतो. निळ्या आकाशाचा प्रकाशही थोडा पोलराइज्ड असतो, हे आरागोने शोधलं.

१८११ मध्ये त्याने निरभ्र आकाशासमोर अभ्रकाचा पातळ पापुद्रा धरला आणि कॅल्साइटमधून त्याच्याकडे पाहिलं. नुसत्या डोळ्यांना तो पापुद्रा काचेसारखा बिनरंगी. पण कॅल्साइटमधून दिसणाऱ्या दोन्ही प्रतिमा रंगीत होत्या, आणि दोघींचे रंग एकमेकांना पूरक. म्हणजे ते एकत्र केले की पुन्हा पांढरा प्रकाश.

हे रंग आले कुठून? अभ्रकात अणूंची रचना सगळ्या दिशांना सारखी नसते. त्यात शिरलेला पोलराइज्ड प्रकाश एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन कंपनांमध्ये विभागला जातो. एक कंपन थोडं जोरात धावतं, दुसरं मागे पडतं. साधारण ०.०३ मिलिमीटर जाडीच्या अभ्रकात ही पिछाडी पाव तरंगाइतकी भरते. जाडी वाढली की पिछाडीही वाढते. प्रत्येक रंगाची तरंगलांबी वेगळी, त्यामुळे दोन कंपनं पुन्हा एका दिशेत आणली की काही रंग खोडले जातात, काही उठून दिसतात. आणि अभ्रक सपाट पापुद्र्यांमध्ये सुटतो, त्यामुळे एका पापुद्र्याची जाडी सगळीकडे जवळपास सारखी असते. म्हणून रंगही सलग दिसतो.

पण हे स्पष्टीकरण आरागोचं नाही! तेव्हा बहुतेक मोठे शास्त्रज्ञ प्रकाशाला कणांचा प्रवाह मानत. बियोने या रंगांची तपशीलवार मोजमापं केली, पण तोही कणांच्याच बाजूचा. १८१५ मध्ये ओग्युस्तां फ्रेनेल नावाचा रस्तेबांधणी खात्यातला इंजिनियर लाटांची कल्पना घेऊन आला, तेव्हा आरागो त्याच्या पाठीशी उभा राहिला. प्वासाँ या गणितज्ञाने आक्षेप काढला की फ्रेनेल खरा असेल तर गोल चकतीच्या सावलीच्या मधोमध उजेडाचा ठिपका दिसला पाहिजे. आरागोने वाद घालत न बसता प्रयोग केला. ठिपका होता. प्रकाश आडव्या लाटांचा असतो, ही कल्पना पुढे फ्रेनेलने मांडली आणि अभ्रकातल्या रंगांचं कोडं सुटलं.

मला आरागो ओपन सोर्स प्रोजेक्टच्या मेंटेनरसारखा वाटतो. स्वतः शोध लावणारा, पण दुसऱ्याचं चांगलं काम तपासून जगासमोर आणणारा. १८३९ मध्ये लुई दागेरची फोटो काढण्याची पद्धत त्यानेच अकादमीसमोर जाहीर केली. फ्रेंच सरकारने दागेरला पेन्शन देऊन ती विकत घेतली आणि १९ ऑगस्टला सगळ्यांसाठी खुली केली. त्यासाठी खासदार म्हणून जोर लावणारा माणूस आरागोच होता. १८४८ च्या क्रांतीनंतर तो मंत्री झाला. त्याच सरकारच्या काळात फ्रान्सच्या वसाहतींमधली गुलामगिरी रद्द झाली.

प्रकाश पाण्यात हवेपेक्षा हळू धावतो की जोरात, हे मोजायचा प्रयोग त्याने १८३८ मध्येच सुचवला होता. हळू ठरला तर लाटांची बाजू जिंकणार होती. पण त्याची दृष्टी गेली आणि प्रयोग स्वतःच्या हाताने करणं अशक्य झालं. १८५० मध्ये तरुण लिऑं फूकोने तो केला. प्रकाश पाण्यात हळूच निघाला. आयुष्यभर प्रकाशाचा माग काढलेल्या माणसाला हा निकाल फक्त ऐकता आला. २ ऑक्टोबर १८५३ ला आरागो गेला.

आता फोनकडे या. एलसीडी स्क्रीनमध्ये दोन पोलरायझरच्या मधे लिक्विड क्रिस्टलचा थर असतो. म्हणजे रेणू हवे तसे वळवता येतील असा अभ्रकच म्हणा. व्होल्टेज बदललं की त्याचा प्रकाशावरचा परिणाम बदलतो आणि पिक्सेल उजळतो किंवा विझतो (रंग मात्र वेगळ्या फिल्टरमधून येतात). ओएलईडी फोनवर तर पोलरायझरखाली पाव तरंगाची फिल्म असते. बाहेरचा उजेड आतल्या धातूवर आपटून परत येतो तेव्हा तो याच जोडीत अडकतो. उन्हातही काळा रंग काळा दिसतो तो त्यामुळे.

घरी करून बघायचं असेल तर लॅपटॉपच्या एलसीडीवर पांढरं पान उघडा. पोलराइज्ड गॉगल समोर धरून स्क्रीन काळी दिसेपर्यंत फिरवा. मग दोघांच्या मधे पारदर्शक प्लास्टिकचा डबा किंवा काचेवर चिकटवलेल्या सेलोटेपचे दोन-चार थर धरा. एकेक थर वाढवला की रंग बदलतो. अभ्रकाच्या जागी टेप आहे, बाकी प्रयोग आरागोचाच.