थिओडोर रिचर्ड्स

थिओडोर विल्यम रिचर्ड्स यांचा जन्म ३१ जानेवारी १८६८ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात झाला. वडील सागरदृश्ये रंगवणारे नामवंत चित्रकार, तर आई कवयित्री होती. थिओडोर यांचे आरंभीचे शिक्षण आईनेच घरी केले. बालपणी जोसाया कुक या प्राध्यापकांनी त्यांना दुर्बिणीतून शनीची कडी दाखवली आणि विज्ञानाची ओढ त्यांच्या मनात रुजली. पुढे याच कुक यांच्या मार्गदर्शनाखाली, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, त्यांनी हार्वर्ड विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली.

अणुभारांचे अचूक मापन हे रिचर्ड्स यांचे जीवितकार्य ठरले. नायट्रिक आम्लात विरघळवलेल्या चांदीत मिठाचे पुरेसे द्रावण घातले, की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा अवक्षेप तळाशी बसतो. चांदीचा अणुभार १०७.८७ व क्लोरीनचा ३५.४५ धरला, तर १०७.८७ ग्रॅम चांदीपासून १४३.३२ ग्रॅम अवक्षेप मिळायला हवा. त्रैराशिकाने पाहता, १० ग्रॅम चांदीपासून तो १३.२९ ग्रॅम मिळेल. मात्र मुळातले अणुभारच चुकीचे असतील, तर हे सारे गणित चुकते.

त्या काळी बेल्जियमचे थोर रसायनशास्त्रज्ञ जाँ स्टास यांचे आकडे प्रमाण मानले जात. रिचर्ड्स यांना स्टास यांच्याविषयी आदर होता. तरीही त्यांनी ते आकडे पुन्हा तपासले. दाट द्रावणातून बनलेल्या अवक्षेपात इतर क्षार अडकून वजन वाढते, तर धुताना त्याचा अल्पसा अंश पाण्यात विरघळून वजन घटते, हे त्यांनी ओळखले. म्हणून ते पातळ द्रावणे वापरीत. सिल्व्हर क्लोराइड उजेडात काळवंडते, यासाठी मंद लाल प्रकाशात काम चाले. गाळलेल्या पाण्यात उरलेला कणभर अवक्षेपही मोजता यावा, म्हणून त्यांनी द्रावणाचा गढूळपणा मोजणारे उपकरण तयार केले. या परिश्रमांमुळे चांदीचा अणुभार १०७.९३ नसून सुमारे १०७.८८ असल्याचे सर्वमान्य झाले.

१९१४ साली त्यांनी युरेनियमच्या खनिजांतील शिसे तपासले. त्याचे रासायनिक गुणधर्म नेहमीच्या शिशासारखेच होते. परंतु अणुभार मात्र कमी भरला. एकाच मूलद्रव्याचे अणू निरनिराळ्या वजनांचे असू शकतात, या नव्या विचाराला त्यामुळे भक्कम पुरावा लाभला. रसायनशास्त्राचे १९१४ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना देण्यात आले. या विषयातील नोबेलचे ते पहिले अमेरिकन मानकरी होत.

२ एप्रिल १९२८ रोजी त्यांचे निधन झाले. दशांशचिन्हानंतरच्या एका अंकासाठी वर्षानुवर्षे झिजणाऱ्या या संशोधकामुळे रसायनशास्त्राच्या गणिताला खात्रीचा पाया मिळाला.