वर्ध्याचा विद्यार्थी, मेक्सिकोचा शिक्षक : डॉ. पांडुरंग खानखोजे



दरवर्षी बारावीचा निकाल लागला की मुले दाखला घ्यायला ऑफिसात येतात. कुणाला नागपूरला जायचे असते, कुणाला जबलपूर किंवा पुण्याला. आनंद असतो, पण धास्तीही असते. तिथली भाषा जमेल का, आपल्याला गावंढळ म्हणून हसतील का? ही धास्ती माझ्या ओळखीची आहे. माझे सर्व शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठी शिकलो ती आईच्या तोंडून. आजही मराठी लिहायला बसलो की ऱ्हस्व-दीर्घ अडवतात. म्हणून या अंकात अशा माणसाची ओळख करून देतो, जो वयाच्या चाळिशीत एका परक्या देशात गेला, तिथली भाषा आपलीशी केली आणि त्याच देशात शेतीचा प्राध्यापक झाला.

पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म १८८४ साली वर्ध्याला झाला. वर्धा म्हणजे आपल्या शेजारचेच. गोंदियाहून नागपूर आणि नागपूरहून वर्धा. शाळकरी वयातच त्यांच्या मनात देश स्वतंत्र करण्याचा ध्यास शिरला. त्यासाठी लष्करी शिक्षण हवे, आणि ते इंग्रजांच्या राज्यात मिळणे शक्य नव्हते. लोकमान्य टिळकांच्या सल्ल्याने, विशी नुकतीच ओलांडलेल्या या तरुणाने घर सोडले. आधी जपान आणि तिथून अमेरिका. घरून पैसे येण्याची सोय नव्हती. मिळेल ते अंगमेहनतीचे काम करायचे आणि शिकायचे, असा क्रम होता.

कॅलिफोर्नियात त्यांनी शेतीचे शिक्षण सुरू केले, तिथल्याच एका सैनिकी शाळेत कवायत आणि शस्त्रविद्या शिकली. पुढे वॉशिंग्टन राज्यातील कॉलेजात त्यांनी शेतीशास्त्राचा अभ्यास पूर्ण केला. त्या किनाऱ्यावर लाकडाच्या कारखान्यांत हजारो पंजाबी मजूर राबत होते. खानखोजे त्यांच्यात मिसळले. १९१३ मध्ये लाला हरदयाळ, सोहनसिंग भकना आदींनी गदर पक्ष उभा केला, त्याच्या संस्थापकांत हा वर्ध्याचा तरुणही होता.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. हाती शेतीची पदवी होती, अमेरिकेत स्थिर आयुष्य मिळाले असते. पण ते तुर्कस्तानमार्गे इराणात गेले. तिथून बलुचिस्तानातून हिंदुस्थानात शिरावे, असा बेत होता. सूफी अंबाप्रसाद यांच्यासारखे साथी बरोबर होते. टोळीवाल्यांना हाताशी धरून ते इंग्रज फौजेशी लढले. बेत फसला. साथीदार गेले, वेष पालटून डोंगराळ मुलखात भटकावे लागले. युद्धानंतर बर्लिन झाले. १९२१ मध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त यांच्यासोबत मॉस्को झाले. तिथेही अपेक्षित मदत मिळाली नाही. मायदेशाचे दार बंदच होते, कारण त्यांचे नाव इंग्रज सरकारच्या काळ्या यादीत होते.

मुलांनो, इथे क्षणभर थांबा. ज्या कामासाठी घर सोडले ते काम झाले नाही, तारुण्य निघून गेले आणि परत जाता येत नाही. अशा वेळी माणूस खचतो. खानखोजे १९२४ मध्ये मेक्सिकोला गेले आणि तरुणपणी शिकलेली शेती त्यांनी पुन्हा हाती घेतली.

मेक्सिकोची भाषा स्पॅनिश. ती शिकून ते राजधानीजवळच्या चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. मका हे तिथल्या गरिबाचे रोजचे अन्न, आपल्याकडे भात आहे तसे. थंडीत आणि कमी पावसात तग धरणारे वाण तयार करण्यासाठी त्यांनी मेहनत घेतली. तेओसिंते नावाचे एक रानगवत मक्याचे भाऊबंद आहे. त्याचा मक्याशी संकर करून त्यांनी प्रयोग केले. पण ते प्रयोगशाळेत बसून राहिले नाहीत. खेड्यांतील शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोफत शेतीशाळा चालवल्या. प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर एक चित्र रंगवले आहे. त्यात गरीब माणसे जेवायला बसली आहेत आणि मेजाच्या मुख्य जागी भाकर मोडणारे खानखोजे आहेत. परदेशातल्या भिंतीवर आपल्या माणसाचे चित्र, आणि हातात बंदुकीऐवजी भाकर!

१९३६ मध्ये बेल्जियमच्या जान सिंडिक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दोन मुलींची नावे त्यांनी सावित्री आणि माया अशी ठेवली. सावित्री यांनी पुढे वडिलांचे चरित्र लिहिले.

१९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला, तेव्हा त्यांनी भारतात येण्याची परवानगी मागितली. ती आधी नाकारली गेली! इंग्रज गेले तरी त्यांची काळी यादी मागे राहिली होती. नंतर ती अडचण दूर झाली आणि चार दशकांनंतर त्यांचे पाय मायभूमीला लागले. पुढे ते नागपुरात राहिले. १९५६ पर्यंत नागपूर ही आपल्या बालाघाटचीही राजधानी होती, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. २२ जानेवारी १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.

आज जगप्रवास सोपा झाला आहे. तिकीट काढले की माणूस दुसऱ्या देशात. खानखोजे जिथे गेले तिथे पाहुणे म्हणून राहिले नाहीत. तिथल्या मजुरांबरोबर राबले, तिथली भाषा बोलले, तिथल्या मातीत काय उगवते हे त्यांनी समजून घेतले. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मुलाने एवढे केले तरी भाषेची धास्ती निम्मी कमी होईल.

जाता जाता एक काम. आपल्या आजोबा-आजींना विचारून पूर्वी घरी पेरल्या जाणाऱ्या धानाच्या आणि मक्याच्या वाणांची नावे लिहून आणा. मराठी, हिंदी, पोवारी, ज्या भाषेत ते सांगतील त्याच भाषेत. पुढच्या अंकात ती यादी छापू. शुद्धलेखनाचे गुण कापणार नाही, हे माझे वचन!