विश्लेषण : इन्सुलिनचे बँटिंग आणि शुद्ध प्रथिनाचा ६० वर्षांचा प्रवास

आपल्याकडे १४ नोव्हेंबर म्हणजे बालदिन. याच दिवशी जागतिक मधुमेह दिनही असतो, कारण हा इन्सुलिनच्या शोधकर्त्यांपैकी एक, फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस. त्यांनी मिळवलेल्या गढूळ अर्कापासून आजच्या शुद्ध मानवी इन्सुलिनपर्यंतचा हा प्रवास.

कोण होते बँटिंग?

कॅनडातील ओंटारिओ प्रांतात अ‍ॅलिस्टनजवळ १८९१ मध्ये शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. टोरंटोत वैद्यकीय शिक्षण घेऊन ते पहिल्या महायुद्धात गेले. १९१८ मध्ये स्वतः जखमी असताना सैनिकांवर उपचार केल्याबद्दल त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला. युद्धानंतर ओंटारिओतील लंडन शहरात दवाखाना थाटला, पण रुग्ण फिरकेनात. म्हणून ते शिकवू लागले. ऑक्टोबर १९२० अखेर व्याख्यानाची तयारी करताना स्वादुपिंडातील साखर नियंत्रित करणारा स्राव वेगळा काढण्याची कल्पना त्यांना सुचली.

पहिले इंजेक्शन का फसले?

टोरंटो विद्यापीठातील प्राध्यापक मॅक्लिऑड साशंक होते, तरी त्यांनी प्रयोगशाळा, कुत्रे आणि चार्ल्स बेस्ट हा तरुण मदतनीस दिला. १९२१ मध्ये स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांची रक्तशर्करा अर्कामुळे उतरली. ११ जानेवारी १९२२ रोजी मरणाच्या दारात असलेल्या लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला तो अर्क टोचला. साखर जेमतेम उतरली आणि टोचलेल्या जागी गळू झाले. अर्कात नको ती प्रथिनेही होती.

मुलगा कसा वाचला?

जीवरसायनतज्ज्ञ जेम्स कॉलिप यांनी अल्कोहोलचे प्रमाण बदलत अर्क शुद्ध केला. २३ जानेवारीपासून तो दिला आणि साखर झपाट्याने खाली आली. लिओनार्ड त्यानंतर १३ वर्षे जगला.

श्रेयावरून वाद का?

१९२३ चे नोबेल बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना मिळाले. बेस्टना वगळल्याने बँटिंग संतापले आणि त्यांनी आपल्या रकमेचा अर्धा वाटा बेस्टना दिला. मॅक्लिऑड यांनीही कॉलिपना वाटा दिला. पेटंटचे हक्क मात्र बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी प्रत्येकी एका डॉलरला विद्यापीठाला दिले.

मानवी इन्सुलिन कधी आले?

पुढची अनेक दशके इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढले जाई. माणसाच्या इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्ले असतात. डुकराच्या इन्सुलिनमध्ये त्यातले एक, तर गाईच्या इन्सुलिनमध्ये तीन वेगळी असतात. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी कृत्रिमरीत्या बनवलेली जनुके ई. कोलाय जिवाणूंत घालून मानवी इन्सुलिनच्या दोन साखळ्या मिळवल्या आणि त्या जोडल्या. अशा प्रथिनाला रिकॉम्बिनंट म्हणतात. १९८२ मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मंजुरी मिळाली. या तंत्राने बनलेले ते पहिले औषध.

प्रयोगशाळेत त्याचे काय काम?

पेशी वाढवण्याच्या द्रावणात हेच इन्सुलिन घालतात. प्राण्यांच्या ऊतींतून न आल्याने त्यांतील इतर घटक मिसळण्याची भीती नसते आणि प्रत्येक खेपेचा दर्जा सारखा राखता येतो. मात्र जिवाणूंची स्वतःची प्रथिने वेगळी काढावीच लागतात, म्हणजे कॉलिप यांचे काम आजही टळलेले नाही.

बँटिंग यांना हे पाहता आले नाही. फेब्रुवारी १९४१ मध्ये इंग्लंडला निघाले असताना न्यूफाउंडलँडमध्ये विमान कोसळून वयाच्या ४९ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला.