जन्म न देता आई

आई होणं बाईच्या रक्तातच असतं, हे तुम्हीही ऐकलं असेल. मग सावित्रीबाई फुल्यांचं आयुष्य बघाच.

१८६३ चं पुणं. ब्राह्मण विधवेचं पुन्हा लग्न लावायला समाज तयार नाही, पण तिला दिवस गेले तर दोष तिचाच. बदनामीच्या भीतीनं नवजात बाळं मारली जायची. त्या बायकांना माया नव्हती? होती की! पण माया करायला जागाच नव्हती. सावित्रीबाई-जोतिरावांनी ती स्वतःच्या घरात दिली, बालहत्या प्रतिबंधक गृह काढून. गुपचूप या, बाळंत व्हा, बाळ न्या नाहीतर ठेवून जा.

सावित्रीबाईंना स्वतःचं मूल नव्हतं. १८७४ मध्ये तिथे आलेल्या काशीबाईंचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये एका आजारी पोराला पाठीवर घेऊन त्या त्याच्या दवाखान्यात आल्या. त्यांनाही लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या.

तुमची नुकतीच बाळंत झालेली ताई म्हणाली, ‘मला अजून आईसारखं काही वाटतच नाहीये,’ तर तिला नावं ठेवू नका. आधी बाळाला तासभर तुम्ही घ्या.