ख्रिश्चन डॉप्लर : ज्यांच्या नावाने रक्ताचा वेग मोजतात

हृदयाच्या तपासणीला गेलं की डॉक्टर चिठ्ठीवर ‘डॉप्लर’ लिहून देतात. बऱ्याच जणांना वाटतं, हे मशीनचं नाव. पण डॉप्लर हा माणूस होता, आणि पेशाने शिक्षक!

ख्रिश्चन डॉप्लर यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८०३ रोजी ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग शहरात झाला. घराणं पाथरवटांचं. मुलाची तब्येत नाजूक, छिन्नी-हातोडा झेपणार नाही, म्हणून त्याला शिक्षणाकडे वळवलं. व्हिएन्नात गणित शिकले, पण कायमची नोकरी मिळेना. काही काळ सूतगिरणीत हिशेब लिहिले. शेवटी १८३५ मध्ये वैतागून अमेरिकेला निघायची तयारी केली, सामानही विकलं. तेवढ्यात प्रागच्या शाळेतून नोकरी आली आणि ते थांबले.

२५ मे १८४२ रोजी प्रागमध्ये त्यांनी आपला सिद्धांत मांडला. अ‍ॅम्ब्युलन्स जवळ येताना सायरन चढा वाटतो, पुढे गेली की उतरतो, ते याचमुळे. आवाज देणारी वस्तू जवळ येत असेल तर लहरी दाटतात, दूर जात असेल तर विरळ होतात. ताऱ्यांचे रंगही यामुळेच दिसतात, असं त्यांना वाटलं. तिथे मात्र ते चुकले. पण मूळ सिद्धांत खरा होता. १८४५ मध्ये हॉलंडमध्ये बाइस बॅलट यांनी धावत्या रेल्वेत तुतारी वाजवणारे बसवून तो तपासला.

प्रागमध्ये कामाचा बोजा मोठा, त्यात फुप्फुसाचं दुखणं. १८५० मध्ये ते व्हिएन्ना विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र संस्थेचे पहिले संचालक झाले. आनुवंशिकतेचे नियम शोधणारे मेंडेल तिथे त्यांचे विद्यार्थी होते. पण तब्येतीने साथ दिली नाही. हवापालटासाठी व्हेनिसला गेले आणि १७ मार्च १८५३ रोजी तिथेच वारले. वय अवघं ४९.

रक्ताचा विचार त्यांनी कधी केलाही नसेल. शंभर वर्षांनी जपानमध्ये शिगेओ सातोमुरा यांनी अल्ट्रासाउंड आणि डॉप्लरचा नियम जोडून हृदयाची हालचाल टिपली. पुढे तर टोकाला अल्ट्रासाउंडचा बारीक सेन्सर असलेली तार थेट हृदयाच्या रक्तवाहिनीत सोडली जायची. तिच्या लहरी धावत्या रक्तपेशींवर आपटून परत यायच्या. लहरींत किती फरक पडला यावरून रक्ताचा वेग कळायचा. अडथळा खरंच घातक आहे की नाही, हे ठरवायला त्याची मदत व्हायची.

मुलांनो, उत्तर थोडं चुकलं म्हणून वही मिटू नका. डॉप्लर ताऱ्यांबाबत चुकले, पण त्यांच्या इल्मचा फायदा आज आपल्या घरातल्या आजी-आजोबांना होतोय.