माया डेरेन : शब्दाकडून प्रतिमेकडे आणि पुन्हा शब्दाकडे

अमेरिकेतील प्रयोगशील लघुपटांच्या परंपरेची अध्वर्यू म्हणून माया डेरेन (१९१७–१९६१) हिचे नाव घेतले जाते. तिने पूर्ण केलेले प्रमुख लघुपट अवघे सहा असून त्यांपैकी प्रत्येकाची लांबी पंधरा मिनिटांच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे. साहित्याच्या अभ्यासकाला तिच्या जीवनाविषयी कुतूहल वाटावे याचे कारण मात्र निराळे आहे. स्वतःच्या कवितेविषयी असमाधानी असलेली ही लेखिका चित्रपटाकडे वळली. आणि नावलौकिक लाभल्यावर, ज्या चित्रपटासाठी मोठी तयारी केली होती तो अपुरा ठेवून तिने ग्रंथ लिहिला. हे दुसरे वळण पराभवाचे मानावे की पहिल्या वळणाची परिणती मानावे, हा प्रस्तुत विवेचनाचा प्रश्न आहे.

एलिओनोरा डेरेन्कोव्स्की हे तिचे मूळ नाव. तिचा जन्म कीव्ह येथील एका ज्यू कुटुंबात झाला. ज्यूविरोधी हिंसाचारामुळे या कुटुंबाने १९२२ साली अमेरिकेत आश्रय घेतला आणि आडनावाचे 'डेरेन' असे लघुरूप केले. वडील मनोविकारतज्ज्ञ होते. जिनिव्हा, सिरॅक्यूज आणि न्यू यॉर्क येथील शिक्षणानंतर स्मिथ कॉलेजातून तिने १९३९ साली इंग्रजी साहित्याची एम. ए. पदवी मिळवली. फ्रेंच प्रतीकवाद्यांचा इंग्रजी व अमेरिकन काव्यावरील प्रभाव हा तिच्या प्रबंधाचा विषय होता. या काळात ती कविताही लिहीत असे. परंतु मनात उमटणाऱ्या दृश्य प्रतिमेचे शब्दांत भाषांतर करावे लागते आणि त्यात मूळ अनुभव उणावतो, अशी तिची तक्रार होती.

नृत्यांगना व मानवशास्त्रज्ञ कॅथरीन डनहॅम हिच्याकडे सचिव म्हणून काम करीत असताना ती लॉस एंजेलिसला आली. तेथे झेक छायाचित्रकार अलेक्झांडर हमीद याच्याशी परिचय होऊन १९४२ साली त्यांचा विवाह झाला. वडिलांच्या पश्चात मिळालेल्या पैशांतून तिने सोळा मिलिमीटरचा एक जुना बोलेक्स कॅमेरा घेतला, आणि १९४३ साली राहत्या घरातच या दोघांनी 'मेशेस ऑफ द आफ्टरनून' हा चौदा मिनिटांचा मूक लघुपट तयार केला. 'माया' हे नाव तिने याच वर्षी धारण केले. बुद्धाच्या मातेचे नाव आणि आभास या शब्दाच्या दोन्ही अर्थच्छटा या निवडीशी सुसंगत आहेत.

किल्ली, सुरी, फूल आणि चेहऱ्याच्या जागी आरसा असलेली एक काळी आकृती यांच्या पुनरावृत्तीतून या लघुपटाची वीण साधली आहे. त्यातील एक स्थळ विशेष लक्षणीय आहे. हातात सुरी घेऊन नायिका चालू लागते तेव्हा तिचे एकेक पाऊल वाळू, गवत, फरसबंदी आणि गालिचा अशा भिन्न ठिकाणी पडते. खोलीतील काही पावलांचे अंतर संकलनाच्या बळावर अनेक स्थळांना कवेत घेते. 'ॲट लँड' (१९४४) व 'अ स्टडी इन कोरिऑग्राफी फॉर कॅमेरा' (१९४५) यांत तिने हेच तत्त्व विकसित केले. दुसऱ्या लघुपटात टॅली बीटी या नर्तकाने रानात उचललेला पाय घरातील खोलीत टेकतो. १९५३ साली 'सिनेमा १६' या संस्थेच्या परिसंवादात डिलन टॉमस, आर्थर मिलर आदींसमोर तिने या तत्त्वाची मीमांसा केली. नाट्याची रचना घटनेकडून घटनेकडे आडवी सरकते, तर काव्य एकाच क्षणाच्या खोलीचा उभा वेध घेते, असा तिच्या मांडणीचा आशय होता.

१९४६ हे तिच्या जीवनातील महत्त्वाचे वर्ष. फेब्रुवारीत तिने न्यू यॉर्कमधील प्रॉव्हिन्सटाउन प्लेहाउस हे नाट्यगृह भाड्याने घेऊन आपले लघुपट दाखवले. त्याच वर्षी तिची कलाविषयक पुस्तिका प्रसिद्ध झाली, 'रिच्युअल इन ट्रान्सफिगर्ड टाइम' पूर्ण झाला आणि चित्रपटनिर्मितीसाठी गुगेनहाइम शिष्यवृत्तीही मिळाली. त्या बळावर १९४७ साली ती हैतीला गेली. व्होडू विधींतील नृत्यांचे चित्रण करावे आणि त्यातून स्वतःची कलाकृती घडवावी, हा तिचा संकल्प होता.

तेथे मात्र तिच्या लक्षात आले की, ज्या नृत्याचे तुकडे आपण आपल्या रचनेसाठी वेगळे काढू पाहतो, ते एका सुसंगत धर्मव्यवस्थेचे अंग आहे. आपल्याकडे ज्याला 'अंगात येणे' म्हणतात, तो अनुभव या विधींच्या केंद्रस्थानी आहे. देव स्वार होतो आणि भक्त त्याचा घोडा ठरतो. अशा नृत्याची स्थळकाळाच्या मोडतोडीने पुनर्रचना करणे म्हणजे त्याचा अर्थच नाहीसा करणे होते. हजारो फूट चित्रण तिने तसेच ठेवले आणि जोसेफ कॅम्बेल याच्या प्रोत्साहनाने 'डिव्हाइन हॉर्समेन' हा ग्रंथ लिहून १९५३ साली प्रसिद्ध केला. कलावंत म्हणून वास्तव घडवायला आलेल्या आपल्याला त्या वास्तवाच्या अखंडतेपुढे नम्र व्हावे लागले, अशी कबुली तिने प्रास्ताविकात दिली आहे. अखेरच्या प्रकरणात एर्झुली या प्रेमदेवतेचा संचार स्वतःच्या अंगात झाल्याचा अनुभव तिने वर्णिला आहे. जो अनुभव पाहणाऱ्याचे पाहणेच संपवतो, तो कॅमेऱ्याला नव्हे, नंतरच्या स्मरणाला आणि शब्दालाच गवसू शकत होता.

यानंतर तिने चित्रपट सोडला नाही. 'द व्हेरी आय ऑफ नाइट' या अखेरच्या लघुपटात तारकांकित अवकाशात नर्तक प्रतिचित्राच्या रूपात तरंगतात. परंतु १३ ऑक्टोबर १९६१ रोजी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, मेंदूतील रक्तस्रावाने तिचे निधन झाले, तेव्हा हैतीतील चित्रण अपुरेच होते. पुढे तिचा पती तैजी इतो आणि शेरेल विनेट इतो यांनी त्यातून एक माहितीपट सिद्ध केला.

या अपूर्णतेला अपयश म्हणणे योग्य ठरणार नाही. ज्या कसोटीवर तिने आपली कविता बाजूला ठेवली, म्हणजे अनुभव ज्या माध्यमात उणावतो ते नाकारावे, त्याच कसोटीवर तिने हैतीत आपला चित्रपट बाजूला ठेवला. पहिल्या वेळी त्यागलेली गोष्ट अद्याप हाती आली नव्हती. दुसऱ्या वेळी मात्र ती तिच्या साऱ्या कीर्तीचा आधार होती. म्हणूनच डेरेनच्या कलाविचाराचे मूल्यमापन करताना तिच्या सहा लघुपटांच्या बरोबरीने या न झालेल्या सातव्याचाही विचार करावा लागतो.