डॉ. व्हिपल: स्वादुपिंडाच्या ऑपरेशनला ज्यांचं नाव मिळालं, ते कोण होते?

मावळातल्या तळेगाव दाभाडेच्या मेडिकल कॉलेजात जा नाहीतर मुंबईच्या, स्वादुपिंडाच्या गाठींचा धडा आला की मुलांना व्हिपल हे नाव दोनदा पाठ करावं लागतं. एकदा निदानासाठी, एकदा ऑपरेशनसाठी.

अ‍ॅलन व्हिपल जन्मले १८८१ मध्ये, इराणमधल्या उर्मियात. आईवडील अमेरिकन मिशनरी. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून ते १९०८ मध्ये डॉक्टर झाले आणि पुढे तिथेच सर्जरीचे प्रोफेसर.

त्या काळात डॉक्टरांना चकवणारी एक दुर्मिळ गाठ होती, इन्सुलिनोमा. वर्षाला १० लाखांत १ ते ४ जणांनाच होणारी, बहुतेकदा २ सेंटिमीटरहून लहान. ती गरज नसताना इन्सुलिन सोडते आणि रक्तातली साखर घसरते. माणूस घामाघूम होतो, बरळतो, बेशुद्ध पडतो. मग फिट किंवा वेड समजून भलतेच उपचार व्हायचे. उलटही घडायचं. संशयावरून पोट उघडायचं आणि आत गाठच नाही! सीटी स्कॅन तर तेव्हा नव्हताच.

१९३० च्या दशकात व्हिपल यांनी तीन अटी घातल्या. उपाशीपोटी त्रास व्हायला हवा, त्या वेळी साखर ५० च्या खाली हवी आणि ग्लुकोज देताच आराम पडायला हवा. तिन्ही जुळल्या तरच ऑपरेशन. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच.

प्रसिद्धी मात्र ऑपरेशनला मिळाली. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याची सुरुवात आणि पित्तनलिकेचा भाग काढून उरलेलं पुन्हा जोडायचं. बर्लिनच्या वॉल्टर काउश यांनी ते आधीच केलं होतं. व्हिपल यांचा पहिला रुग्ण वाचला नाही. टाके आतड्यापासून बनवलेल्या दोऱ्याचे होते आणि स्वादुपिंडाचा रस तो दोरा पचवून टाकायचा. मग त्यांनी रेशमी दोरा घेतला. १९३५ मध्ये दोन टप्प्यांतलं ऑपरेशन प्रसिद्ध केलं.

६ मार्च १९४० ला ते जठराचा कॅन्सर समजून ऑपरेशनला उभे राहिले. जठर कापल्यावर कळलं, गाठ स्वादुपिंडात आहे! मागे फिरायची सोय नव्हती. त्यांनी सगळं एकाच बैठकीत उरकलं. रुग्ण पुढे ९ वर्षं जगला.

एक गैरसमज काढून टाका. इन्सुलिनोमासाठी बहुतेकदा व्हिपल ऑपरेशन लागत नाही, गाठ तेवढी सोलून काढतात.

स्वतः व्हिपल यांनी हे ऑपरेशन आयुष्यात फक्त ३७ वेळा केलं. १९६३ मध्ये ते गेले. त्यांचं शेवटचं पुस्तक चार वर्षांनी आलं, आणि ते सर्जरीवर नव्हतं. जन्मभूमीच्या त्या भागातल्या जुन्या मुस्लिम आणि नेस्टोरियन ख्रिस्ती वैद्यांचा इतिहास त्यात आहे.